तीन हजार फोटो, त्यात पक्षी अकरा : लेन्स घेऊ का?

काजूबी (रविवार, रात्री ९.५०)
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
दिवाळीनंतर भावाचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला. क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स. बसलेले पक्षी बरे येतात, परसातल्या माडावरचा खंड्या तर इतका छान आलाय की आईने फ्रेम करून लावला. पण पक्षी उडाला की माझं सगळं संपतं. आज सलग चौथा रविवार, पहाटे घरून निघून इथे गोव्यात मांडवीकाठी रायबंदरला स्कूटर लावली, फेरीबोटीने नदीपलीकडे चोडण बेटावर गेले, धक्क्यावर दोन तास उभी. ब्राह्मणी घारी इतक्या खालून जातात की नखं मोजावीत. घरी येऊन बघते तर चारशे बारा फोटो, त्यात अर्धं नुसतं आभाळ, शंभरेक शेपट्या, आणि उरलेल्यांत घार आहे पण शाई सांडल्यासारखी काळी नाहीतर पुसट. चार रविवार मिळून तीन हजारांवर फोटो झाले, ठेवण्यासारखे अकरा. नवरा म्हणतो अजून एक काढ, बारा झाले की कॅलेंडर छापू.
तर प्रश्न असा की त्याहून लांबची १५०-६०० लेन्स घ्यावी का? लाखाच्या घरातली वस्तू आहे, उगाच घेऊन कपाटात पडायला नको. की दोष माझ्या हातात आहे?

शटरबाबा
आधी सांगा सेटिंग काय ठेवता. शटरचा वेग, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं, आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती तिखट, आणि फोकस मोड. त्याशिवाय बोलणं म्हणजे नाडी न बघता काढा.

तिसरी_फेरी
अकरा म्हणजे खूप झाले हो. मी पहिल्या वर्षी मांडवीत मावळणारा सूर्यसुद्धा हलवला होता.

काजूबी
@शटरबाबा, शटर ८००, अॅपर्चर ८, आयएसओ ४०० ला फिक्स कारण भाऊ म्हणाला वाढवला की दाणे येतात. फोकस मोड... एका अक्षराचं काहीतरी आहे, अर्धं बटण दाबलं की टुक वाजतं आणि हिरवा ठिपका येतो.

शटरबाबा
टुक वाजलं तिथेच घोटाळा आहे. तो एकदाच फोकस करून थांबणारा मोड. टुक झालं त्या क्षणी घार जिथे होती तिथे फोकस कुलूपबंद, आणि तुम्ही फोटो काढेपर्यंत ती दोन मीटर पुढे. कंटिन्यूअस फोकस लावा, एएफ-सी म्हणतात, काही कंपन्यांत एआय सर्वो. बटण दाबून धरलंत की तो फोकस धावत राहतो.
शटर १/२००० सेकंदापेक्षा सावकाश ठेवूच नका. घार तरंगत असेल तर १/१२५० वर चालून जातं, पण खंड्या, वेडा राघू, पाकोळी यांना ३२०० सुद्धा कमी पडतं. अॅपर्चर लेन्सचं असेल तेवढं उघडं. आयएसओ ऑटोवर टाका आणि विसरा. दाणे घरी बसून कमी करता येतात, हललेली घार कुठल्याच सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.
आणि भावाला माझा नमस्कार सांगा.

घारोबा
बाबांच्या सगळ्याला +१, एक भर. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं आणि अंग विटकरी. आभाळ उजळ म्हणून लोक एक्स्पोजर प्लस वन करतात, अंग छान उघडतं पण डोक्याचा चुन्याचा गोळा होतो, डोळा त्यात बुडतो. मी प्लस पॉइंट तीनवर थांबतो आणि घरी कॅमेऱ्याच्या कच्च्या (रॉ) फाइलमध्ये सावल्या उचलतो. उलट बगळा जेव्हा काळ्याशार खारफुटीसमोरून जातो तेव्हा मायनस वन, नाहीतर पंखाच्या पिसांची एक रेघ दिसणार नाही. कॅमेऱ्याला पक्षी माहीत नसतो, तो फ्रेममधल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो.

बॉडीबिल्डर
एवढं सगळं कशाला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घ्या, पक्ष्याचा डोळा ओळखणारा. डोळ्यावर चौकोन चिकटतो आणि सुटत नाही. मी जुनी बॉडी विकून बदलली, आता दहातले आठ शार्प. २०२६ मध्ये हाताने फोकसचा ठिपका हलवणं म्हणजे रेंदेराने (माडी काढणाऱ्याने) लिफ्टची वाट न बघता माडावर चढणं.

तिसरी_फेरी
रेंदेर लिफ्टची वाट बघत बसला असता तर तुमच्या माडाच्या फेणीचं काय झालं असतं?

बॉडीबिल्डर
मी काजूची घेतो.

काजूबी
माझ्या नावाकडे बघून बोला 😄

पुणेरी_पाकोळी
डोळा ओळखणाऱ्या बॉडीची हवा मीही ऐकली, गेल्या नाताळात गोव्यात आलो तेव्हा वापरून पाहिली. खारफुटीच्या फांद्यांच्या जाळीत ती डोळे शोधत बसते, एकदा तर तिने एका पानावरच्या भोकालाच डोळा ठरवलं. मोकळ्या आभाळात मात्र झक्कास. एक सूचना, आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर जोरात फडफडणारे पंख वाकडे येतात, रबराचे वाटतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तोवर पंख हललेला असतो. सगळ्या बॉड्यांत नाही पण मध्यम किमतीच्यांत होतं.

गप्प_बसा
लेन्स घ्या. पैसे साठवून काय करणार आहात.

म्हापसेकर
मी उलटं सांगतो. मी ६०० वाली घेतली दोन वर्षांपूर्वी. दोन किलोच्या आसपास वजन, पहिल्या आठवड्यात खांद्याला बाम. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे पक्षी सापडेचना. हात लांब करून अंगठा आभाळासमोर धरा, क्रॉप बॉडीवर ६०० ला तुम्हाला जेमतेम तेवढंच आभाळ दिसतं, एका अंगठ्याची रुंदी. त्या चिमटीत उडती घार आणायची. ३०० वर त्याच्या दुप्पट मिळतं. ज्याला ३०० वर घार सापडत नाही त्याला ६०० वर आभाळच आभाळ, कॅलेंडर पुढच्या पाच वर्षांचं होईल.
मी काय करतो, झूम मागे आणून पक्षी पकडतो आणि तो फ्रेममध्ये स्थिर झाला की हळूहळू पुढे जातो. आणि दुसरा डोळा उघडा ठेवतो. पहिल्यांदा चक्कर आल्यासारखं होतं, मग सवय होते.

काजूबी
अहो काका, अंगठा करून पाहिला आत्ता गॅलरीत. शेजारीण विचारते कोणाला दाखवतेयस.

लांबनळी
लेन्सच्या अंगावर एक बारीक खटका असतो, लिमिटर. तो दहा मीटर ते अनंतवर टाकायचा. नाहीतर घार निसटली की लेन्स बिचारी पायाशी असलेल्या अंतरापासून चंद्रापर्यंत फोकस शोधत फिरते आणि तेवढ्यात घार पणजीला पोचते. सगळ्या ७०-३०० ना हा खटका नसतो, असला तर वापरा.
हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर मी शटर २००० च्या वर असलं की बंद करतो.

शटरबाबा
बंद करू नका, पॅनिंगचा, म्हणजे पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवण्याचा मोड लावा, मोड दोन. बंद केलंत की व्ह्यूफाइंडर थरथरतो, मग पक्षी धरणं अवघड.

लांबनळी
बंदच.

शटरबाबा
मोड दोन.

गप्प_बसा
ह्या वादावर वेगळा धागा आहे, १४० प्रतिसाद, निकाल नाही.

चोडणकार
उशिरा आलो, फेरी चुकली होती.
काजूबी ताई, मी चोडणचाच, धक्क्याजवळ घर. सगळ्यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं ते बरोबरच असेल, मी कॅमेरेवाला नाही, मोबाईलवाला. पण तुम्ही लिहिलंत की घार शाई सांडल्यासारखी काळी येते. एक सांगा, धक्क्यावर उभ्या राहून तोंड कुठे असतं? नदीकडे ना? नदीपलीकडे काय दिसतं?

काजूबी
रायबंदर. चर्च, घरं, फेरी येताना.

चोडणकार
म्हणजे दक्षिण. चोडण मांडवीच्या उत्तरेला आणि रायबंदर दक्षिणेला. आता डिसेंबर चालू आहे, सूर्य सकाळी आग्नेयेकडून उगवून दिवसभर दक्षिणेकडूनच सरकतो. तुम्ही चार रविवार सूर्याच्या तोंडात कॅमेरा धरून उभ्या आहात. त्या उजेडात तुमच्या नवऱ्याचा फोटो काढलात तरी शाईच येईल.
पक्षी तेच, नदी तीच. फेरी पकडूच नका. रायबंदरच्या धक्क्याच्या जरा बाजूला, फेरीवाल्यांच्या वाटेत न येता, पाठ गावाकडे आणि तोंड आमच्या चोडणकडे. ऊन तुमच्या पाठीमागून घारीच्या अंगावर पडेल.

तिसरी_फेरी
चार रविवार नदी ओलांडली आणि फोटो अलीकडेच होता!!

काजूबी
मला आत्ता डोकं आपटावंसं वाटतंय. चार रविवार. फेरीत स्कूटरींच्या गर्दीत उभी राहून.

म्हापसेकर
आपटू नका ताई, मी मोरजीला तीन वर्षं संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून कुरव पक्षी काढत होतो. सगळे सिल्हूट. लोकांना सांगायचो की कलात्मक आहे.

खाजनवाला
चोडणकारांनी ऊन सांगितलं, मी वारा सांगतो, कारण अर्धी गोष्ट तीच आहे आणि कोणी बोललंच नाही.
पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. विमानासारखंच, समोरून वारा मिळाला की पंखाखाली जोर कमी गतीत मिळतो. म्हणजे वारा कुठून आहे हे कळलं की पक्षी कुठल्या दिशेला उठणार हे आधीच कळतं. वारा तुमच्या पाठीवर असेल तर बांधावरचा बगळा उठताना तोंड तुमच्याकडे. वारा तुमच्या तोंडावर, की तुम्हाला शेपट्या. ताईंच्या शंभर शेपट्यांचं मूळ तिथे आहे असा माझा अंदाज.
आता शाळेतला भूगोल आठवा, मतलई वारे आणि खारे वारे. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र ऊब धरून ठेवतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, आपल्याकडे म्हणजे पूर्वेकडून. दहा-अकराला जमीन तापली की उलटा, पश्चिमेकडून खारा वारा सुरू. हिवाळ्यात हे घड्याळासारखं चालतं. आणि गंमत बघा, सकाळी सूर्यही पूर्वेच्या बाजूला आणि वाराही पूर्वेकडून. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला आणि वाराही पश्चिमेकडून. म्हणजे एकाच जागी पाठ केली की दोन्ही साधतात. घाटावरच्या फोटोवाल्यांना हे सुख नाही. फक्त दुपारची मधली वेळ वाईट, त्यात नऊनंतर खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतातल्या चिखलावर हवा लवलवते, लेन्स कितीही महाग असली तरी लांबचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा येतो. त्याला लोक लेन्सचा दोष म्हणतात आणि दुरुस्तीला पाठवतात.
आमच्या आजोबांचं खाजन होतं. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या फळ्या कधी उचलायच्या हे ते भरती-सुकती बघून ठरवत. मी त्याच मानशीवर बसून पक्षी काढतो. सुकतीला चिखल उघडा पडतो, पाणलावे, शेकाटे, बगळे खाली पसरून खात असतात, उडत नाहीत. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखल बुडतो आणि सगळे एकामागून एक उठून उंच जागी जातात. तो अर्धा-पाऊण तास सोन्याचा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे दर रविवारी सात वाजता जाऊन तेच दिसेल असं नाही.

पुणेरी_पाकोळी
खाजनवाला, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून ठेवतोय. आम्ही सिंहगडाच्या पायथ्याशी वाऱ्याला शिव्याच देत बसतो.

घारोबा
मतलई वारे! बाईंनी परीक्षेत मला त्याच प्रश्नाला शून्य दिलं होतं. दोन्ही उलटे लिहिले होते.

शटरबाबा
वाऱ्याचं खरंच डोक्यात नव्हतं. मान्य.

गप्प_बसा
शटरबाबांनी मान्य केलं. तारीख लिहून ठेवा.

वायंगण
लेन्सचं सोडा, ताईंना आधी सरावाला सोपा पक्षी द्या ना. घार सोपी वाटते पण वर असते आणि आभाळाचा उजेड त्रास देतो. गायबगळा घ्या. आमच्याकडे सध्या वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची नांगरणी चालू आहे, पॉवर टिलर शेतात उतरला की तीस-चाळीस बगळे मागे मागे. टिलर वळला की सगळे उठतात, दहा फूट उडतात, परत बसतात. त्यांना टिलरची सवय आहे, माणसाचीही, तुम्ही बांधावर बसलात तर ढुंकून बघत नाहीत. पंखाची चाल संथ, उंची तुमच्या डोळ्याएवढी, मागे ओला चिखल. एका सकाळी हजार संधी मिळतात आणि कुठल्याही पक्ष्याला उठवावं लागत नाही. फक्त शेतकऱ्याला विचारा आणि चप्पल बांधावर काढा. मी एकदा बुटासकट उतरले होते, एक बूट अजून तिथेच आहे.
दुसरा पक्षी कवड्या खंड्या, काळा-पांढरा. तो पाण्यावर एकाच जागी हवेत थांबतो, चोच खाली, पंख फडफडत. थांबलेला असताना फोकस करून ठेवा, मग तो दगडासारखा पडतो. पडताना काही मिळत नाही पण थांबलेला फोटो हमखास.

मोरजीकर
मोरजीला या की. चापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर हिवाळ्यात कुरव आणि सुरय शेकड्यांनी बसलेले असतात. दोघं जा, एकाने जरा पळत जायचं, सगळे एकदम उठतात, फ्रेम भरून जाते. मी तसेच काढलेत.

वायंगण
मोरजीकर, हे नका सांगू हो. तो थवा तिथे मौज करायला बसलेला नसतो. हिमालयापलीकडून आलेले पक्षी आहेत त्यात, दिवसभर खाऊन, बसून चरबी साठवतात आणि मार्चनंतर तेवढंच परत उडायचं असतं. आधीच किनाऱ्यावर कुत्री आहेत, पर्यटकांची पोरं आहेत. त्यात तुम्ही.

मोरजीकर
एकदाच उठवतो. ते परत बसतात.

चोडणकार
प्रत्येकजण एकदाच उठवतो. रविवारी तिथे तीस जण असतात.

मोरजीकर
ठीक. पटलं नाही म्हणणार नाही. पण मग नदीत बोटीतून घारींसमोर कोंबडीची कातडी टाकतात त्यांना का कोणी बोलत नाही? एका बोटीत मी बसलो होतो, पाहुण्यांना फोटो मिळावा म्हणून तो माणूस बादली घेऊनच आला होता. लोक टाळ्या वाजवत होते.

घारोबा
बोलायलाच हवं. मी काढलेत तसे फोटो, पहिल्या वर्षी, कबूल करतो. सगळे एकसारखे, घार खाली तोंड करून कातडीकडे येतेय, डोळ्यात बादली. आता मालीमच्या जेटीजवळ ट्रॉलर येतात तेव्हा लांब उभा राहतो. नुस्तें (मासळी) उतरवताना जे सांडतं त्यावर घारी आपणहून येतात, एखादी मासा नखांत धरून उडता उडताच सोलून खाते. तो फोटो कातडीवाल्याला मिळत नाही.
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घारीला संरक्षण आहे ते वेगळंच, पण कायदा नसता तरी ती कातडी तिच्या पोटाला बरी नाही.

तिसरी_फेरी
विषयांतर करतो. माझ्या लेन्समध्ये आत जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय, पावसाळ्यात कपाटात होती. ती बुरशी का? सिलिका जेल ठेवलं होतं.

म्हापसेकर
बुरशीच. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाट म्हणजे लोणच्याची बरणी. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून सुकवावे लागतात, नाहीतर तेच ओले होऊन बसतात.
आणखी एक, एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. काचेवर वाफ धरते आणि दहा-पंधरा मिनिटं घारी तुम्हाला चिडवून जातात. पिशवीतच राहू द्या जरा.

सावंतवाडीची_सून
वाचते आहे शांतपणे, मजा येतेय. आमच्या सासऱ्यांना करमळीच्या तळ्याचा नाद. तळ्यावर अडया (बदकं) उतरतात शेकड्यांनी, शिट्टी वाजवत. बाजूने कोकण रेल्वे धडधडत गेली तरी त्या ढिम्म, पण मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी तळ्यावरून एक गिरकी मारतो आणि अख्खं तळं उठतं. सासरे थव्याकडे बघतच नाहीत, हॅरियरकडे बघतात. तो वळला की कॅमेरा थव्यावर.
आणि ते सांगतात, मोठा पक्षी उठायच्या आधी शिटतो. वजन कमी करतो म्हणे. बगळा जरा पुढे झुकला, मान आखडली आणि मागून पांढरी धार आली की बटण दाबायला सुरुवात करायची. मला नव्या सुनेला हे जेवताना ऐकवतात.

गप्प_बसा
अख्ख्या धाग्यातली सगळ्यात उपयोगी माहिती शेवटी शी वरच आली.

पुणेरी_पाकोळी
ज्ञानात भर. उडते पक्षी काढण्याचा हा रोग नवा नाही. एतिएन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ, त्याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, खांद्याला लावून चाप ओढायचा, सेकंदाला बारा चित्रं. पक्ष्यांचे पंख नेमके कसे हलतात हे बघायला. ताई, तुमची बॉडी सेकंदाला किती काढते?

काजूबी
सहा 😭

बॉडीबिल्डर
म्हणून म्हणत होतो.

शटरबाबा
सहा पुष्कळ झाले. अख्खं बटण दाबून गोळीबार करू नका, बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि ऐन वेळी कॅमेरा ढिम्म. तीन-चार, थांबा, परत तीन-चार. पाय आधी पक्षी जिथे जाणार तिकडे रोवा आणि कंबर मागे वळवून सुरुवात करा, म्हणजे वळता वळता सरळ होता. लोक उलटं करतात आणि शेवटी पीळ पडून अडकतात. कोपरं छातीला. फोटो काढून झाला तरी फिरणं थांबवू नका.

काजूबी (पुढचा रविवार, दुपारी १.१५)
आले. सांगते सगळं.
शुक्रवारी ऑफिसमधल्या एकाची १५०-६०० दोन दिवस मागून आणली होती, कारण मन मानत नव्हतं. शनिवारी ती लावून शेतात बसले, वायंगण ताईंनी सांगितल्याप्रमाणे टिलरच्या मागे. एकवीस मिनिटांत हात भरून आले. बगळा दिसतोय उघड्या डोळ्याला, व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता चिखल. म्हापसेकर काकांचा अंगठा आठवला. ती लेन्स पिशवीत घातली, माझी ७०-३०० लावली, २०० वर ठेवली, शटर २०००, कंटिन्यूअस. टुक वाजणं बंद. चप्पल हातात. शेतकरी मामा म्हणाले बगळ्यांचे काय फोटो काढतेस, ते रोजचेच. आणि बाई, त्यांचे पंख. उन्हात पाठीमागची पिसं पारदर्शक दिसतात, एकेका पिसाची दांडी दिसते. वर जाताना टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकतात हे मला इतक्या जवळून कधी दिसलंच नव्हतं.
आज सकाळी रायबंदर. फेरी समोरून गेली, मी चढले नाही, फेरीवाला ओळखीचा झालाय, त्याने हातानेच विचारलं काय झालं म्हणून. पाठीवर ऊन, डाव्या गालाला... नाही, उजव्या गालाला वारा. खाजनवाला बरोबर होते, घारी सगळ्या वाऱ्याच्या तोंडाने, जुन्या गोव्याच्या बाजूला तोंड करून, माझ्यासमोरून आडव्या. एक्स्पोजर पॉइंट तीन. एक घार पाण्यावर उतरली, मासा चुकला, परत वर आली, तिच्या पायातून पाण्याचे थेंब पडत होते. थेंब आलेत फोटोत! डोळा आलाय, डोळ्यात ठिपका आलाय!
एकशे ऐंशी फोटो, ठेवलेले चौदा. त्या घारीचा एका बाजूचा पंख मात्र फ्रेमबाहेर गेलाय.

घारोबा
पंख सोडा, थेंब आले म्हणजे काय. अभिनंदन!! फोटो टाका.

शटरबाबा
पंख कापला म्हणजे आज ३०० वर असणार तुम्ही. २५० वर या, जागा सोडा, नंतर क्रॉप करा.

म्हापसेकर
आणि लेन्स?

काजूबी
सध्या नाही घेत काका. नवऱ्याला सांगितलं, त्याला आनंद झाला, मग म्हणाला त्या पैशात काय घेऊ, तर आता घरात दुसराच वाद चालू आहे.

बॉडीबिल्डर
वर्षभराने परत याल लेन्सच्या धाग्यावर. लिहून देतो.

काजूबी
येईनही. पण रायबंदरच्या बाजूलाच उभी राहून.

चोडणकार
पुढच्या रविवारी आमच्या बाजूलाही या पण संध्याकाळी नको, सकाळी लवकर, नदीकडे पाठ करून. धक्क्याच्या मागे खारफुटी आहे, तिथला कवड्या खंड्या उत्तरेच्या ओढ्यावर थांबतो, तिथे ऊन बरोबर पाठीला येतं. मग फेरीचे पैसे वसूल.

खाजनवाला
पुढच्या रविवारची भरती किती वाजता ते बघून सांगतो. ह्या रविवारपेक्षा साधारण पावणेसहा तास पुढे सरकलेली असेल, म्हणजे सकाळी आत्ता भरती होती तिथे बहुतेक सुकती.

सावंतवाडीची_सून
सासरे विचारतात, घार उठायच्या आधी शिटली का?

काजूबी
सांगा त्यांना, माझ्या स्कूटरच्या सीटवर.

तिसरी_फेरी
सगळं ठीक आहे हो, माझ्या लेन्समधल्या बुरशीचं काय करू?